न जुळलेल्या मुलीचे दहा रुपये

होळीच्या आदल्या रविवारी जव्हारला भरलेल्या तपासणी शिबिरात मी माझ्या तीन मुलांना प्रत्येकी दहा, असे एकूण तीस रुपये दिले. हजर होतो मी, माझी बायको सुमन, तेरा वर्षांची मनीषा, नऊ वर्षांचा सागर, सात वर्षांची आरती आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवणारी एक नर्स. रुपये कशाचे, तर तोंड उघडून, न रडता काडी फिरवू दिल्याचे.

सागरने त्याच्या दहाची चिक्की घेतली. आरतीने फुगा घेतला, तो एसटी स्टँडवर पोचायच्या आत फुटला आणि शिबिरात राहून गेलेले रडणे तिने तिथे रडून घेतले. मनीषाने नोट घडी करून कंपासपेटीत ठेवली. हे जे मी लिहितो आहे ते मुख्यतः त्या तिसऱ्या नोटेबद्दल आहे.

सागर आता बरा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागणार नाही. त्याचे उपचार जिथे झाले तिथल्या समुपदेशक ताईंनी मला लिहायला सांगितले. तिथे नवीन आलेले आईबाप ताप, जेवण, खर्च आणि मुक्काम किती, एवढेच विचारतात. मीही तेच विचारले होते. घरी राहिलेल्या मुलाबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते मूल धडधाकट असते.

मी साखरशेतचा. थोडे भात, थोडी नागली पिकवतो आणि हंगामात भातखरेदीच्या काट्यावर वजन बघतो. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. पण या बाबतीत मोजायचे राहून गेले.

सागरचे दुखणे

सागर दीड वर्षाचा झाला तरी पाऊल टाकत नव्हता. ओठ पांढरे, पोट पुढे आलेले. आधी भगताकडे नेले, हे मी लपवत नाही. भगत आमच्या नात्यातलाच. त्याने सुपातले तांदूळ पाहिले, पोराचे डोळे खाली ओढून पाहिले आणि म्हणाला, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाय. उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरकडे ने." त्याने दोन कोंबड्या मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या. त्याने काही मागितले नाही.

नाशिकला रक्त तपासले आणि थॅलेसेमिया हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितले की याचे शरीर कामाचे रक्त तयार करत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावे लागेल. सुमनने विचारले, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "कायम." सागरच्या टोपीची नाडी सुटली नव्हती, ती सोडून सुमनने पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

त्या दिवशी मनीषा शेजारच्या काकीकडे होती. आम्ही परत आलो तेव्हा अंगणात धावत आली आणि म्हणाली, "मला काय आणलं?"

आम्ही काही आणले नव्हते. सुमन तिच्यावर खेकसली. मनीषा तेव्हा साडेपाच वर्षांची होती. त्यानंतर आम्ही कुठूनही आलो तरी तिने हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. तेव्हा वाटले, पोर समजूतदार झाली. सोय झाली, असेही वाटले.

पुढची वर्षे रक्ताच्या पिशव्यांवर गेली. मनीषा नऊ वर्षांची असताना नागलीची भाकर थापायला लागली. आम्ही सागरला घेऊन गेलो की आरतीला सांभाळायची तीच. कोणी विचारले तर मी अभिमानाने सांगत असे, "मोठीचा काय त्रास नाय."

निकाल

शिबिरातली काडी सागरला हाडातला मगज कोणाचा चालेल ते बघायला होती; तिचा निकाल चैत्रात फोनवर आला. सागरशी आरतीचे जुळले, मनीषाचे नाही. बहीणभावांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, असे शिबिरात सांगितले होते. दोघींपैकी एकीचे तरी जुळले, हेच मला नवल वाटले. सुमनने देवाला नारळ फोडला. गावातल्या बायका आरतीला बघायला आल्या, जणू तिचे लग्नच ठरले होते. मामाने, म्हणजे सुमनच्या भावाने, तिला शंभराची नोट आणि गुलाबी फ्रॉक दिला.

त्या संध्याकाळी मी तिन्ही मुलांना ओट्यावर बसवून काय होणार ते सांगितले. आमच्याकडे सगळ्यांना कळेल असे एकच उदाहरण आहे, ते मी दिले. आधी पालापाचोळा पेटवून रोपांची जागा, म्हणजे राब, भाजतो तसे औषधाने सागरच्या हाडांतले जुने सगळे जाळून जागा मोकळी करायची. मग आरतीच्या रोपांतली थोडी काढून तिथे आवणी, म्हणजे लावणी, करायची. रोप धरले की सागर स्वतःचे रक्त स्वतः बनवील.

आरतीने लगेच विचारले, "मग माझ्या वाफ्यात काय राहील?"

"तुझं अळूसारखं आहे," मी म्हणालो. "पान कापलं की दुसरं फुटतं. महिन्याभरात भरून येतं." डॉक्टरांकडून हे मी आधीच विचारून घेतले होते. तिचे समाधान झाले.

मनीषा म्हणाली, "आणि माझं रोप?"

मी म्हणालो, "तुझं बी नाय जुळलं."

एवढेच म्हणालो. आता हे तिला का लागले ते सांगतो. पेरणीआधी आम्ही बियाणे तपासतो. दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायचे, चार दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचे. हे काम लहानपणापासून मनीषा माझ्याबरोबर करते. तिची बोटे बारीक, मोजणी अचूक. जे बी उगवत नाही त्याचे पुढे काय होते, हेही तिला ठाऊक. ते आम्ही कोंबड्यांना टाकतो. टाकायचे कामही तिचेच.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाच किलोच्या वजनाखाली दहाची घडी केलेली नोट होती. मला वाटले, सुमनने दुकानातून आणलेली मोड ठेवली असेल. मी ती खिशात टाकली आणि जव्हारच्या एसटीच्या तिकिटात दिली.

त्याच आठवड्यात पाण्यावर काकीने मनीषाला चेष्टेत म्हटले, "काय गं, धाकटीचं जुळलं, तुझं नाय? तुला काय दाभोसाच्या धबधब्याखालून उचलून आणलं का काय?" काकी सगळ्यांचीच अशी चेष्टा करते. मलाही लग्नात "हा नवरा वजनात कमी भरतो" म्हणाली होती. बायका हसल्या. मनीषाही हसली, असे नंतर कळले.

काचेच्या आत

ज्येष्ठात आम्ही मुंबईला गेलो. सुमन सागरबरोबर काचेच्या खोलीत, मी आणि आरती जवळच्या धर्मशाळेत. मनीषाला सुमनच्या धाकट्या बहिणीकडे, वेणूकडे ठेवले. वेणूचा पाडा मोखाड्याच्या पुढे, रस्ता सोडून आत. तिथल्या शाळेत मनीषाला बसू देत होते.

औषधांबद्दल मी लिहीत नाही, ते डॉक्टर सांगतात. एवढे सांगतो की राब भाजायचे दिवस वाईट असतात. सागरचे केस गेले, तोंडात फोड आले, थुंकी गिळवेना. आईशीही बोलायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला आत जायची परवानगी दिवसातून एकदा, हात धुऊन, झगा चढवून. बाकी वेळ मी काचेबाहेर उभा. सुमन आतून माझ्यावर चिडायची. "तुम्ही बाहेर हवा खाता," म्हणायची. मी म्हणायचो, "मग बदल." तिला बदलायचे नसायचे. आमच्या लग्नात जेवढी भांडणे झाली नाहीत तेवढी त्या काचेतून झाली आणि तीही खुणांनी, कारण आवाज पलीकडे जायचा नाही. एक आया आमच्या खुणा बघून हसायची. एकदा ती आत जाऊन सुमनला म्हणाली, "ते म्हणतायत, भाजीत मीठ जास्त आहे." मी तसले काही म्हणालो नव्हतो. पण सुमन खूप दिवसांनी हसली. त्या आयाचे उपकार मी विसरणार नाही.

आरतीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढला. दुपारी शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा मागितला तो वडापाव, आणि मिळाले नारळपाणी, त्याचा राग तिने आठवडाभर धरला. संध्याकाळी तो मगज सागरला चढवला. मी काहीतरी मोठे होईल असे धरून होतो. लाल पिशवी, बारीक नळी, थेंब थेंब. आठ वर्षे बघत होतो तेच. सागर तेवढ्यात झोपलासुद्धा.

मग वाट बघणे. रोप धरले की नाही, हे कळायला दिवस लागतात आणि रोज सकाळी रक्ताचा आकडा येतो. आकड्यांवर माझा विश्वास, पण त्या दिवसांत आकडा मी नर्सला दोनदा विचारायचो.

रोज मी वेणूच्या फोनवर मनीषाशी बोलायचो. तिथे टेकडीवर गेल्याशिवाय रेंज नाही, म्हणून ती टेकडीवर यायची.

"जेवलीस?"

"हो."

"शाळेत गेलीस?"

"हो."

"मावशीला त्रास देत नाय ना?"

"नाय."

मग मी सागरचा आकडा सांगायचो. ती "बरं" म्हणायची. फोन संपायचा. माझ्या हिशेबात त्या घरचे सगळे ठीक होते.

फार शहाणी मुलगी

आवणीच्या दिवसांत वेणूचा फोन आला. मनीषा शाळेत गेल्यावर ती मुद्दाम टेकडी चढून आली होती.

"दाजी, तुमची पोर फार गुणाची झाली," ती म्हणाली.

"आहेच ती गुणाची."

"ऐका तर. मला भीती वाटते. उठते माझ्याआधी. पाणी भरते, भांडी घासते, आवणीला चिखलात माझ्याबरोबर वाकते, वर शाळेत जाते. माझ्या पोरांशी भांडत नाय. ताटात कमी पडलं तर मागत नाय. तेरा वर्षांची पोर मागत नाय, हे काय बरं हाय का? पाव्हणीसुद्धा दुसऱ्या दिवशी चटणी मागते."

मी म्हणालो, "समज आली तिला."

"समज?" वेणू चिडली. "काल मी तिला बसवलं, म्हटलं, बाई, इतकं राबू नको, तुझी आई मला बोलेल. तर काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, मावशी, मी कुणाची ते ठरलं नाय, तोवर खाल्लेलं फेडायला नको का?"

मी विचारले, "म्हणजे?"

"म्हणजे तुमचं डोकं! तिचं बी टाकाऊ निघालं म्हणते. तुमचं नाय आणि ताईचंबी नाय. तुम्हांला पैसेपण परत दिले म्हणते, तुम्ही गपचूप खिशात घातले. दाजी, तुम्ही काट्यावर बसता ना? मग पोरीनं काय ठेवलं तेवढं दिसलं नाय?"

मला पाच किलोचे वजन आठवले आणि त्याखालची घडी आठवली.

त्या दिवशी मी समुपदेशक ताईंकडे गेलो. तोवर त्यांनी दोनदा बोलावले होते आणि मी दोन्ही वेळा 'सगळं ठीक आहे' सांगून आलो होतो. त्या म्हणाल्या, ज्या मुलाचे जुळते त्याला भीती असते, पण कामही असते, कौतुकही असते. ज्याचे जुळत नाही त्याला नुसते घरी बसून ऐकायचे असते. अशी मुले कधी खूप त्रास देतात, कधी अजिबात देत नाहीत. न देणारी लवकर दिसत नाहीत. मग मला म्हणाल्या, "फोनवर तुम्ही तिला काय विचारता?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं काही विचारा. आणि एकदा जाऊन या. आकडा मी कळवीन."

सुमनला काचेतून खुणांनी हे सांगता येईना. झगा घालून आत गेल्यावर सांगितले. तिने सागरच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "आजच निघा."

दोन वाट्या

दुसऱ्या दिवशी आरतीला घेऊन मी वेणूच्या पाड्यावर पोचलो. मनीषा अंगणात भांडी घासत होती. तिने हात धुतले, पाणी आणून दिले आणि विचारले, "सागरचा आकडा?"

"आज विचारला नाय," मी म्हणालो. ते खरे होते. तिने माझ्याकडे पाहिले.

बोलून मला जमणार नाही हे ठाऊक होते, म्हणून येतानाच मनाशी ठरवले होते. वेणूकडून दोन वाट्या घेतल्या. एकीत तांबडी आणि पांढरी तूर मिसळून टाकली, दुसरीत मूग आणि उडीद. म्हणालो, "ही तुरीची वाटी आई. ही दुसरी मी. प्रत्येक पोर दोन्ही वाट्यांतून एक एक दाणा घेऊन जन्माला येतं. बघून नाय, डोळे मिटून. सागरसारखे दोन्ही दाणे ज्याला आले त्याचं जुळलं. डॉक्टर तपासतात ते एवढंच. दाणा चांगला की वाईट ते तपासत नाय."

आरती म्हणाली, "मला खेळायचंय."

"आधी सागरचे काढ," मी मनीषाला म्हणालो. तिने डोळे मिटून काढले. तांबडी तूर, मूग. मग स्वतःचे काढले. तांबडी तूर, मूग.

माझी फजिती झाली. जिचे जुळले नाही तिला समजवायला गेलो आणि पहिल्याच झटक्यात तिचे जुळले.

वेणू दारातून म्हणाली, "घ्या! दाजींचा काटा बिघडला."

आरतीने घाईघाईने आपले दाणे काढले. पांढरी तूर, उडीद. एकही जुळला नाही. तिने दाण्यांकडे पाहिले, सागरच्या दाण्यांकडे पाहिले आणि भोकाड पसरले. "माझं नाय जुळलं! माझं होतं जुळलेलं! आता सागर मरेल!"

मी काही बोलायच्या आत मनीषा तिच्याजवळ सरकली. "ए वेडे, गप. हा खेळ हाय. खरं तुझंच जुळलंय."

"मग हे असं का आलं?"

"डोळे मिटून काढल्यावर कायपण येतं. तुझ्या दाण्याला काय झालंय? किडलाय का? वाट्या त्याच दोन ना? तू काय तिसऱ्या वाटीतली हायस?"

हे बोलली आणि दोन वाट्यांकडे बघत राहिली. आरतीचे रडे थांबले होते. मी वेणूकडे पाहिले नाही, वेणूने माझ्याकडे पाहिले नाही.

तेवढ्यात वेणूची तांबडी कोंबडी ओट्यावर चढली. सवयीने थेट दाण्यांकडे आली आणि मनीषापुढचा मूग तिने उचलला, तुरीवर चोच मारणार, एवढ्यात मनीषाने ओरडून तिला हाताने उडवले. "हुश्श! मेले, माझं बी हाय ते!"

कोंबडी अंगणात जाऊन कलकलत राहिली. मनीषाने तुरीचा दाणा मुठीत धरला होता. मग ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड वासून, नाक न पुसता, जसे शिबिराच्या दिवशी आरती एसटी स्टँडवर रडली होती तसे. तिला असे रडताना मी किती वर्षांत पाहिले नव्हते. मी शेजारी जाऊन बसलो.

वेणू आली, पदराने तिचे नाक पुसले आणि म्हणाली, "तू पायाळू जन्मलीस. रात्रभर ताईचा हात मी धरला होता, माझ्या बोटांची हाडं मोडायची राहिली. धबधब्याखालून आणायला सोपी पडली असतीस गं बाई."

मनीषा रडता रडता हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, भूक लागली. चटणी कर."

वेणूने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि चुलीकडे गेली.

मी दोन दिवस राहिलो. सगळे एका दिवसात सुधारले असे नाही. दुसऱ्या दिवशी मनीषाने माझ्याशी बोलणेच टाकले. संध्याकाळी चिखलातून येताना एकदम म्हणाली, "तुम्ही माझे दहा रुपये घेतलेत." मी म्हणालो, "कुणी ठेवले ते कळलं नाय मला." ती म्हणाली, "विचारायचं तरी." मी तिच्या डोक्यावरचा रोपांचा भारा माझ्या डोक्यावर घेतला, एवढेच.

पुढे फोनवर मी विचारायला लागलो, "आज कुणाशी भांडलीस?" पहिले दोन-तीन दिवस "कुणाशी नाय" आले. मग एका संध्याकाळी वेणूच्या मोठ्या पोराशी झालेले भांडण तिने इतके सविस्तर सांगितले की सागरचा आकडा सांगायचा राहिला. त्या दिवशी तो चांगला आला होता. रोप धरले होते.

काचेशी तिला एकदा आणले. सागर भिंतीकडे तोंड करून होता. तिने काचेवर टकटक केली आणि फोन कानाला लावला. आतून त्याने सुमनचा फोन घेतला.

"तायडे, माझी शेळी?"

"विकली."

"खोटं!"

"खरं. लय खात होती. तुझ्यासारखी."

"मी कुठं खातो? मला गिळता येत नाय."

"म्हणूनच तर परवडतोस."

सागर हसला. तोंडातले फोड दुखले असावेत, गाल धरून हसला. सुमन आत तोंड फिरवून उभी राहिली.

घरी

आम्ही साखरशेतला परतलो तेव्हा भात कापून झाले होते. सागरची खोली चुन्याने रंगवली, पाणी उकळून, पाहुण्यांना दारातूनच राम राम. किती काळजी घ्यावी लागते ते दवाखान्यात सांगतात, त्यात काटछाट करू नये. मधे दोनदा ताप आला, दोनदा मुंबईला पळालो. दोन्ही वेळा मनीषा घरीच राहिली. पण जाण्याआधी मी तिला शेजारी बसवून काय झाले आहे, कधी परत येऊ आणि काय ठाऊक नाही, हे तिन्ही सांगितले. ठाऊक नाही हेही सांगावे लागते, हे मी उशिरा शिकलो.

रक्ताची पिशवी बंद झाली. ओठांना रंग आला. आरतीचा रुबाब मात्र वाढला. सागरने पाण्याचा तांब्या आणायला नाही म्हटले की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुझ्यात माझं रक्त हाय. माझं ऐकायचं."

एकदा मनीषा भाकर थापत होती, तिथूनच म्हणाली, "आणि त्याच्या पोटात भाकर कुणाची हाय? रक्त काय हवेतून बनतंय?"

सागर म्हणाला, "मी कुणाचंच ऐकणार नाय." आणि तो पळाला. पळाला, हे मी मुद्दाम लिहितो. पूर्वी तो अंगण ओलांडताना दोनदा बसायचा.

बाजार

त्यानंतरच्या दुसऱ्या होळीला डॉक्टरांनी सागरला मास्क लावून बाजारात न्यायला हरकत नाही म्हटले. आम्ही पाचही जण जव्हारला गेलो. स्टँडवर उतरल्यावर मी दहाची नोट काढून मनीषाला दिली. म्हणालो, "शिबिरातले तुझे. तोंड उघडल्याचे होते, जुळल्याचे नव्हते. तोंड तू उघडलं होतंस."

तिने नोट उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "आरूला मामानं शंभर दिले होते."

"ते मामाने दिले. तिला सुई टोचायची होती."

"मी दोन पावसाळे चिखलात होते. मला कोण देणार?"

सुमन म्हणाली, "मनी, बापाशी बाजारात हिशेब करतेस?"

"बाजारात नाय करायचा तर कुठं करायचा?" ती म्हणाली. अगदी माझ्या काट्यावरच्या आवाजात.

मी शंभराची नोट काढून दिली. तिने दोन्ही नोटा मुठीत धरल्या. कंपासपेटी आणलीच नव्हती. आधी हिरव्या बांगड्या घेतल्या, मग केसांची क्लिप, आणि उरलेल्या पैशांत कांदाभज्यांची एक प्लेट. आरतीने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. सागर म्हणाला, "तायडे, एकच." ती म्हणाली, "तुला बाहेरचं चालत नाय." आमच्याकडे पाठ करून, फुंकून फुंकून, तिने सगळी भजी एकटीने खाल्ली. मी आणि सुमन बघत उभे राहिलो. इतके बरे आम्हांला बऱ्याच दिवसांत वाटले नव्हते.

एकूण दिले एकशे दहा रुपये, मनीषाला, तिच्या हातात. एकही भजे कोणाला मिळाले नाही.